चैनलालच्या कम्प्युटरची जीभ

त्या शनिवारी दुपारी चैनलालच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. देवरीहून आत, जंगलाच्या काठावरच्या आमच्या गावात एवढी माणसं लग्नाला जमतात, नाहीतर रेशनचं रॉकेल आलं की. टेबलावर गावातला एकुलता एक कम्प्युटर हळदीकुंकवानं माखून बसला होता. त्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती.

"निघाली गा, निघाली!"

कोणी हात न लावता सीडीचा ट्रे घर्र करत बाहेर आला. बायकांनी हात जोडले. शेजारच्या दुधरामनं ट्रेवर जास्वंदाचं फूल ठेवलं. थोड्या वेळानं ट्रे फुलासकट आत गेला आणि प्रसाद पावल्याचा गजर झाला.

मी गावच्या शाळेचा मास्तर. अंधश्रद्धेवर भाषण द्यायची एकही संधी मी सोडत नाही. बहुधा म्हणूनच मला कोणी बोलावलं नव्हतं. मीच गेलो.

मधोमध हिरालाल महाराज बसले होते. गोंदियाकडून खास आणलेले. कपाळभर भस्म, मनगटावर चकचकीत घड्याळ.

"ये मशीन की जीभ है, भक्तों! जिसने बिगाडा, उसी को देखकर निकलती है!" महाराजांनी डोळे मिटले, पुटपुटले, एक डोळा किलकिला करून घड्याळ पाहिलं आणि गरजले, "बुलाओ उस औरत को!"

अंगणात उभ्या केलेल्या दुर्पताबाईला उंबऱ्यात आणलं. घर्र! ट्रे बाहेर.

"पाहिलं का गा? तिलेच पाहून जीभ काढून राहिली!" दुधराम ओरडला.

"म्या का केलं जी? त्या डब्याले म्या हात बी नाही लावला," दुर्पताबाई म्हणाली.

झालं होतं ते असं. वनहक्काचे दावे सोमवारी ग्रामसभेत ठेवायचे होते. चैनलालच्या मुलीनं, भूमेश्वरीनं तीस घरांचे कागद टाइप करून 'दावे' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले होते. शुक्रवारी भूमेश्वरी दोन दिवसांसाठी देवरीला क्लासला गेलेली, आणि दुर्पताबाई आपला दावा राहिला म्हणून आली. चैनलालनं एका बोटानं फोल्डर उघडला. आत काहीच नव्हतं. वर ट्रे जीभ काढायला लागला. नवरा नसलेली, गावाच्या टोकाला मोहफुलं वेचून एकटी राहणारी बाई घरात आली आणि तीस घरांची जमीन गडप झाली. तिला डायन ठरवायला गावाला एवढा पुरावा पुरला.

महाराजांनी उपाय सांगितला. डबा एकवीस दिवस मठात शुद्धीला न्यायचा आणि बाईनं शिवेबाहेर राहायचं. शुद्धीसाठी माउस आणि स्पीकरही लागणार होते.

इथवर मला हसू येत होतं. ते विरलं आणि संताप आला. शिवेबाहेर म्हणजे ती जाणार कुठे?

मला एसटीची वाट पाहताना वेळ मोजत बसायची खोड आहे. ती इथंही सुटली नव्हती. ट्रे निघाला होता चार दहाला, चार एकोणीसला आणि आत्ता चार अठ्ठावीसला.

"महाराज, तुमचं घड्याळ जरा माझ्याकडे द्या," मी म्हणालो.

"काहे?"

"देवाच्या कामाले घड्याळ कायले लागते? द्या ना जी," चैनलालची बायको रामकली म्हणाली. तिला मठात माउस जाणं मुळीच पटलेलं नव्हतं.

घड्याळ माझ्या खिशात आलं. महाराज पुटपुटले, गरजले. दुर्पताबाई उंबऱ्यात आली. काही नाही. पुन्हा बोलावली. काही नाही. महाराजांच्या भस्मावरून घाम ओघळू लागला. चार छत्तीसला मी दुर्पताबाईला पार हातपंपावर पाठवलं आणि म्हणालो, "आता मंत्र नको, फक्त बघा."

चार सदतीसला घर्र.

"दर नऊ मिनिटांनी निघते! बाई असो की नसो," मी म्हणालो. मागून कोणीतरी फिसकन हसलं.

तेवढ्यात देवरीच्या गाडीतून भूमेश्वरी उतरली. बापानं फोनवर सांगितलं होतं, म्हणून क्लासमधून अँटिव्हायरसची सीडी घेऊन आली होती. तिनं माळ काढली, ट्रेमधली जास्वंदाची पाकळी झटकली.

"जीभ बाहेर आलीच आहे, तर गोळी ठेवून देते," ती म्हणाली आणि सीडी ठेवली.

"धानाले अळी लागते ना, तशी ही कम्प्युटरची अळी. कोण्या रिकामटेकड्यानं लिहून सोडलेला प्रोग्राम आहे. खरा फोल्डर लपवते, त्याच नावाचा नकली समोर ठेवते. पेन ड्राइव्ह लावला की त्यात बी शिरते, आन दुसऱ्या घरी जाते. ट्रे काढाचा चाळा बी तिचाच."

तिनं आधी चालू असलेली अळी बंद पाडली. मग लपलेल्या फायली दाखवायची खूण केली. पडद्यावर फिक्या रंगाचा 'दावे' उगवला. आत तिसांचे तीस कागद! चैनलालनं बसकण मारली. सगळा कम्प्युटर तपासायला तासभर लागला. कोणी हललं नाही. महाराज तेवढे हलले ते कायमचेच.

मी भाषणाला घसा खाकरला, तोच भूमेश्वरी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "गुरुजी, अळीची तारीख बुधवारची आहे. संध्याकाळचे सहा बारा. बुधवारी तुमी शिष्यवृत्तीची यादी छापाले आले होते ना? छापून झाल्यावर कम्प्युटर बंद केला, तो शुक्रवारीच उघडला."

माझ्या गळ्यात पिवळ्या दोरीला पेन ड्राइव्ह लटकत होता. तालुक्याच्या सायबर कॅफेतून मीच तो भरून आणला होता. तिनं तपासला. तीच अळी.

कोणी ऐकलं नव्हतं. दोरी सदऱ्यात सारली असती तर भागलं असतं. तसं मनात आलं, खोटं कशाला सांगू? मग दारात उभी दुर्पताबाई दिसली.

"ऐका हो," मी म्हणालो, "अळी मी आणली. बुधवारी, या पेन ड्राइव्हमधून. या बाईचा काही संबंध नाही." लाजेनं माझे कान तापले होते.

"मंग गुरुजीले शिवेबाहेर काढाचं का?" दुधराम म्हणाला आणि ओसरी हसली.

दुर्पताबाई हसली नाही. "आता सारे हासून राहिले," ती म्हणाली. "गुरुजीनं आणली तं अळी झाली. म्या तं नुसता पाय ठेवला, मले डायन काऊन म्हटलं?"

 

रामकलीनं तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं, अगदी कम्प्युटरसमोर.

"सांग वो मावशी," भूमेश्वरी म्हणाली, "नाव, गट नंबर." एकतिसावा दावा टाइप होऊ लागला.

महाराजांचं घड्याळ न्यायला कोणी आलं नाही. ते शाळेत माझ्या टेबलावर आहे. पोरांना मी आता लांब भाषण देत नाही. चमत्कार दिसला तर वेळ मोजा, तारीख बघा, एवढंच सांगतो. आणि दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतःच्या गळ्यात काय लटकतंय ते तपासा.