ईशानीचा चेंडू आणि मिठाचं पाणी

माझ्या अंगावर ३३६ खळगे आहेत. त्यांतले १४ झिजलेत. ओरखडे दोन, आणि एक पुसट आकडा: ४. मी एक जुना गोल्फचा चेंडू आहे, मित्रांनो.

साच्यातून निघालो तेव्हा वाटायचं, गुळगुळीत असतो तर किती छान दिसलो असतो! मग कळलं, खळग्यांमुळे हवा मला चिकटून वाहते आणि मागे कमी ओढते. गुळगुळीत चेंडू माझ्या निम्माच जातो. पहिल्या मालकाने मला दोनशे मीटर उडवलं आणि एकदा तळ्यात घालवलं. वर्षभराने मी गोल्फ शिकणाऱ्या ईशानीला सापडलो. तेव्हापासून खड्ड्यात घालायचा शेवटचा, हळू फटका ती मलाच मारते. आकडा स्वतःच्या बाजूला ठेवून मला मांडते. दर वेळी तसाच.

काल तीन मीटरवरून वीस फटके झाले. सतरा वेळा मी खड्ड्याच्या डावीकडून गेलो.

"मनगट वळतंय तुझं," बाबा म्हणाले.

"तसं असेल तर उद्याच्या संघनिवडीतून मी नाव मागे घेते."

"अगं, असं कुठे म्हटलं मी?"

आज निवडीला जाण्याआधी, समा भागातल्या त्यांच्या घरी, स्वयंपाकघरात तिने तपेलीत तीन लिटर पाणी घेतलं आणि किलोभर मीठ विरघळवलं. साध्या पाण्यात मी बुडतो, यात तरंगतो.

"अख्खी पिशवी ओतलीस?" आई ओरडली. "चेंडूचं लोणचं घालतेस काय?"

"आई, याचा गाभा मधोमध नसेल, तर जड बाजू खाली जाईल. दर वेळी तीच. मांडल्यावर तो तिकडेच वळत असेल."

मी स्थिर झालो. वर आलेल्या जागी तिने पेनाने ठिपका काढला. आता ती मला पाण्यात दहा गिरक्या देणार होती. ठिपका कुठेही आला, तर दोष तिच्या मनगटाचा. दर वेळी वर आला, तर माझा, आणि माझी जागा कचऱ्याच्या डब्यात.

मला भीती वाटत होती. साच्यात माझा गाभा सरकला होता का? कुणी पाहिलंच नव्हतं. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण कधीतरी तपासूनही पाहा. पहिल्या गिरकीसाठी तिने बोट पुढे केलं आणि मला तिचं कालचं बोलणं आठवलं, तेव्हा मी पहिल्यांदाच मनात म्हटलं, दोष माझाच निघू दे.

"चालो, जोइए, बघूया काय होतं," म्हणत बाबा वही घेऊन बसले.

गिरक्या दहा. ठिपका वर: दहा वेळा.