शेवटच्या स्क्रूपर्यंत

स्पीकरच्या पेटीत लोकर भरली, की वूफर बसवून त्याचा शेवटचा स्क्रू आवळेपर्यंत कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही, असा त्या कारखान्याचा नियम होता. आणि तो का आहे हे विचारायचं नाही, हा त्याच्याही वरचा नियम.

कारखाना म्हणजे घरामागची एक लांबट खोली. एका भिंतीशी प्लायवूडचे ताव उभे, दुसरीवर लाकूड आवळून धरायचे लोखंडी शिकंजे टांगलेले, आणि मधल्या टेबलावर कितीही झाडलं तरी भुशाचा थर. बाबा पेट्या कापायचे, जोडायचे. आत्या त्यांना व्हिनियर चढवून पॉलिश करायची. लोक लांबून येऊन स्पीकर बनवून घ्यायचे. यांच्या पेट्यांचा आवाज भरदार असतो, माणूस समोर बसल्यासारखा वाटतो, असं म्हणायचे. गंमत अशी, की बनवणाऱ्या दोघांचे आवाज अगदीच यथातथा होते. बाबांचा पातळ, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा, आणि आत्या तर कुजबुजण्यापलीकडे कधी गेलीच नाही. घराण्याचा घसाच तसला, एवढं बोलून तो विषय मिटवला जाई.

त्या घरात बाबांच्या लेकीचा, ठिणगीचा, आवाज कसा काय जन्माला आला, याचं शेजाऱ्यांना कोडं होतं. हे नाव तिला लहानपणीच पडलं होतं, रागामुळे. पण राग दिसायच्या आधी ऐकू यायचा. जाड, खोल आवाज, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन ती घरी परतली ती मोजमापाचा माइक आणि लॅपटॉप घेऊनच, आणि आल्या आल्या प्रत्येक गोष्टीला ‘का’ लावू लागली. हाच गोंद का, एवढीच लोकर का. याची उत्तरं बाबांकडे होती, आणि ती चोख होती, हे तिला मनातल्या मनात मानावं लागे. गप्प बसायच्या नियमापाशी आलं, की मात्र बाबा पेन्सिल कानामागे खोचत आणि दुसऱ्या कामाला लागत.

तिने स्वतः आखलेला, स्वतः कापलेला पहिला सबवूफर तयार होत आला, तेव्हा तो एका दाताच्या डॉक्टरांनी आधीच मागून ठेवला होता. आत्याने त्यावर अक्रोडी पॉलिशचे हात दिले होते. ठिणगीने आत लोकर भरली, आणि सांधे बघायला म्हणून वूफरच्या गोल भोकातून डोकं आत घातलं. आत गोंदाचा आणि कोऱ्या लाकडाचा वास होता. बाबा वूफर हातात धरून तोंडाला कुलूप लावून उभे, आत्या दाराशी तशीच. ते दोन गंभीर चेहरे आठवून तिच्या डोक्यात तिडीक गेली. आतल्या अंधाराला तिने मोठ्याने विचारलं, “का?”

शब्द लोकरीत गेला आणि परत आला नाही. तिने डोकं बाहेर काढलं तेव्हा बाबांचा चेहरा उतरला होता. त्यांनी वूफर भोकावर ठेवला, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळले, आणि शेवटच्या स्क्रूवर त्यांचा हात जरा जास्तच वेळ राहिला.

दुसऱ्या दिवशी प्लायवूडवाल्याचा फोन आला. ठिणगीने उचलला, तर तो म्हणाला, “बाळ, घरात मोठं कुणी आहे का?” तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं, आणि तो हसत सुटला. मैत्रिणीने विचारलं, सर्दी झालीय का. सर्दी नव्हती. घसा दुखत नव्हता, बसलाही नव्हता. घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि सगळं ठीक आहे म्हणून घरी पाठवलं. पण ती ओरडली, की आवाज खिडकीपर्यंत जायचा आणि तिथेच संपायचा.

घाबरण्याआधी तिला कुतूहल वाटलं, तो तिचा स्वभावच. ती पेटी मोजायला बसली. माइक वूफरपुढे ठेवला, खालून वरपर्यंत सूर सोडले, आणि पडद्यावर रेघ उमटली. खालच्या सुरांना हवी तशी सपाट, वरच्या सुरांकडे हवी तशी उतरती. त्या उतारावर, जिथे सबवूफरने गप्प बसायला हवं, तिथे एक लहानसा उंचवटा होता. तिने स्क्रू तपासले, लोकरीचा हिशेब पुन्हा केला. “हे काय मध्येच?” ती पुटपुटली, आणि पडद्यावरचा उंचवटा टचकन वर आला. ती थांबली, तो बसला. माझाच आवाज माइकमध्ये जातोय, दुसरं काय, असं म्हणत तिने ॲम्प्लिफायर बंद केला आणि पेटीची वायर काढली. मग माइक स्वयंपाकघरात नेला, दार लावलं आणि नुसती स्वतःशी बोलत राहिली. आता रेघ तिच्या आवाजाची होती. खालचा भाग सुरीने कापून नेल्यासारखा गायब. तिने दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या. खाचेत पाचर बसावी तसा तो उंचवटा त्या जागी बसला.

ती लॅपटॉप तसाच उघडा घेऊन कारखान्यात गेली. आत्या पेटीवरून शेवटचं फडकं फिरवत होती. बाबांनी पडद्याकडे पाहिलं, न समजल्यासारखं केलं नाही, आणि हळूच म्हणाले, “टेम्पो निघालाय. डॉक्टर घेऊन जातील. सवय होते गं. मला झालीच ना.”

“तुमची पेटी कुठे आहे?”

कुणाच्या तरी दिवाणखान्यात, ते म्हणाले. लग्नाआधी विकली. ऐकणारे खूश आहेत असं कानावर येतं.

“मग मी उघडते हिला.” तिने स्क्रूड्रायव्हर उचलला. तेव्हा आत्याने तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की ठिणगीला तिच्या बोटांवरचं पॉलिश चिकटलेलं जाणवलं. आत्याचे ओठ हलले. ऐकायला ठिणगीला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

“मी माझी उघडली होती.”

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. बाबांनी पेटीवर जुनी चादर टाकायला घेतली. बंद झालेली पेटी विकायचीच, हे थोरामोठ्यांनी ठरवलेलं असतं, त्यात वाद नसतो, हाच आपला धंदा, हेच आपलं नाव, असं त्याच पातळ आवाजात ते बोलत राहिले. एक बाजू धर म्हणाले.

ठिणगीने स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. बाबांच्या हातातली चादर काढून घेतली, तिची घडी केली, आणि पेटीकडे पाठ करून उभी राहिली. रागाच्या वेळी ती नेहमी ओरडे. या वेळी हळू बोलली, कारण ओरडायला तिच्याकडे उरलंच किती होतं.

“नाही. ही उघडायची नाही आणि जाऊही द्यायची नाही. इथेच राहील, माझ्याजवळ. डॉक्टरांना मी सांगते.”

वाक्य पुरं झालं, आणि ते खोलीभर घुमलं. जाड, खोल, तिचं तिला ओळखीचं. शिकंजे भिंतीवर बारीक किणकिणले.

बाबांची आणि आत्याची, दोघांचीही नजर ठिणगीच्या पाठीमागे, खाली लागली होती. तिकडे पेटीची वायर सुटी जमिनीवर पडली होती, आणि वूफरच्या काळ्या कागदी शंकूवर बसलेला भुसा अजून थरथरत होता.