चिखलात रुतलेला ट्रक

दादाच्या टेबलावरचा तळहाताएवढा ट्रक आजारपणाच्या आधीच तयार झाला होता. पत्र्यावरचा गंज, टायरच्या रेघा, काचेवरची धूळ, सगळं त्याने हौसेने रंगवलेलं. खालची चिखलाची जमीन तेवढी राहिली, आणि पक्षाघाताने त्याचा उजवा हात लुळा पडला. आता हात थोडाफार हलत होता, पण दादाच हलायला तयार नव्हता. "टाकून दे ते सगळं," असं त्याने वहिनीला सांगूनही टाकलं. वहिनीने काही टाकलं नाही. तिने सरळ नणंदेला फोन लावला.

नणंद, म्हणजे दादाची धाकटी बहीण, मोटार चालवायला शिकवायची. भित्र्यातल्या भित्र्या माणसाला तिने भर चौकातून गाडी काढायला लावली होती, पण सख्ख्या भावापुढे तिची मात्रा चालेना. शेवटी तिने ठरवलं, जमीन आपणच करायची. ते बघून दादा चिडेल तरी, आणि चिडलेला माणूस निदान उठून बसतो.

कपाटात चिखलाच्या रंगाच्या डब्या होत्या. हा काही साधा रंग नव्हे. वाळू कालवल्यासारखा घट्ट, कणीदार, ब्रशऐवजी पट्टीने थापायचा. तिने तो फळीवर सढळ हाताने थापला, वर बारीक खडे पेरले आणि पंख्याखाली खडखडीत वाळवला. मग त्यावर ट्रक ठेवून ती फळी घेऊन दादासमोर बसली.

"बघ, रुतला तुझा ट्रक."

दादाने निरखून पाहिलं. "रुतला कुठे?" तो अडखळत म्हणाला. "नवरदेवासारखा मिरवतोय."

वहिनी हातातलं भांडं तसंच घेऊन दारात आली. या घरात कुणी थट्टा करून किती दिवस झाले होते!

"मग काय करायला हवं होतं?" बहिणीने विचारलं.

"चिखल ओला असताना चाकं दाबायची. वाळल्यावर कसा रुतेल? आणि म्हणे गाड्या शिकवतेस!"

"माझे विद्यार्थी रस्त्यावर राहिले तरी पुष्कळ झालं." तिने पुन्हा डबी उघडली, वाळलेल्यावर ओला थर थापला आणि फळी त्याच्याकडे सरकवली. "घे, तूच दाब."

दादाचा चेहरा उतरला. "या हाताने?"

"त्याच."

तिला गाडी शिकायची होती तेव्हा घरात सगळ्यांनी नाक मुरडलं होतं. एकटा दादा आपली जुनी गाडी घेऊन आला आणि शेजारी बसला. त्याच्या बाजूला ब्रेक नव्हताच, तरी दर वळणाला तो पायाने जमीन दाबून धरायचा. "दादा, पाय उचल, येतं मला!" म्हणून ती ओरडायची. गाडी कुंपणाला घासली, पण त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. तिचं पोटपाणी, चारचौघांतली मान, सगळं तिथून सुरू झालं होतं.

दादाची बोटं ट्रकभोवती कशीबशी मिटली. ट्रक लटपटत ओल्या रंगावर टेकला आणि घसरला. मदतीला धावणारे आपले हात तिने मांडीखाली दाबून धरले. दादा थांबला, दम घेतला, मग त्याने जोर लावला. डावीकडची चाकं निम्मी आत गेली. मागे वेडावाकडा चर उमटला.

"वाकडं झालं," तो पुटपुटला.

"रुतताना कोण सरळ जातं?" ती म्हणाली. "दादा, तेव्हा तू शेजारी बसलास म्हणून मी उभी राहिले. फार उपकार आहेत रे तुझे. कधी बोललेच नाही मी."

दादाचे डोळे भरले होते, पण तो टेबलाखाली पाहत होता.

"असू दे," तो म्हणाला. "आधी पाय उचल."

तिने खाली पाहिलं. तिचा उजवा पाय केव्हापासून फरशीवर गच्च दाबलेला होता. तिने तो उचलला, तेव्हा दादाने उजवीकडची चाकं दाबायला घेतली.