मशीनवर आम्ही तिघी

मी तोंडाची फटकळ, हे मीच कबूल करते. पण एक खोटं मी पंचावन्न वर्षं रेटलं: लेकीच्या वेळी मी आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात नुसती काउंटरवर बसायचे. कसलं काय! नववा लागेपर्यंत मशीनवर होते, डाग काढायच्या रसायनात कोपरापर्यंत हात. वासानं डोकं गरगरायचं.

पुढे लेकीला मूल होईना. अकरा वर्षं दवाखाने झाले, तेव्हा कुठे आमची भिंगरी झाली. हे सगळं माझ्यामुळेच, असं मनातल्या मनात मी किती वेळा म्हटलं असेन!

आता भिंगरीला पाचवा महिना. ती आणि नातजावई तपासणीला निघाले, तशी मीही सोबत गेले. घरच्यांची माहिती लिहून घेताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी काय काम करायच्या?"

"काउंटरवर बसायची," भिंगरी म्हणाली.

खरं कळलं तर पोरगी तोंड बघणार नाही माझं. पण बाळाचं काय? "खोटं आहे ते," मी म्हणाले आणि सगळं ओकून टाकलं.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "अशा रसायनांचा ठसा पुढच्या पिढ्यांत उतरतो, असं प्राण्यांत दिसलंय. माणसांत अजून खात्री नाही. तुमच्या लेकीला त्यामुळेच त्रास झाला, असं कुणीच सांगू शकणार नाही. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची स्त्रीबीजं तयार होतात, आजी. म्हणजे तुम्ही मशीनवर होतात तेव्हा तुमच्या ह्या नातीचं बीजही तिथेच होतं. सोनोग्राफी जरा बारकाईनं करू."

माझी मान खाली. आणि एकदम भिंगरी फिस्सकन हसली. "म्हणजे मीपण होते मशीनवर? तरीच मला कपड्यांचा इतका कंटाळा!"

"गधडे, माझा इथे जीव चाललाय आणि तुला मस्करी सुचतेय?"

"अगं, मग इतकी वर्षं एकटीच का कुढत बसलीस? तिघी होतो ना आपण!"

नर्सनं दारातून सांगितलं, "सोबत एकच जण." नातजावई लगेच उठला. भिंगरीनं त्याला खांद्याला धरून परत बसवलं. "तू पुढच्या वेळी. चल गं आजी."

आत पडद्यावर एवढंसं काळीज धडधडत होतं. डॉक्टरीणबाईंनी एकेक अवयव निरखून बघितला आणि म्हणाल्या, "सगळं छान आहे." झालं! मी भोकाडच पसरलं. नर्स धावत आली, काय झालं म्हणून.

"रडू द्या हो तिला," भिंगरी म्हणाली. "आजी आहे माझी."