मनगटाला पेलेल एवढं

रायमो केट्टुनेनने आयुष्यातली एकोणीस वर्षं फोन सडपातळ करण्यात घालवली होती. फिनलंडमधल्या ओउलू शहरातल्या एका कंपनीत तो आणि त्याच्यासारखे तीसेक जण दिवसभर हेच करायचे : कुठे भिंत खरवड, कुठे स्क्रू तोकडा कर, धातूच्या जागी प्लास्टिक चालतंय का बघ. एकदा मागच्या झाकणाची जाडी तीन दशांश मिलिमीटरने उतरवायला त्यांना अकरा महिने लागले होते. जमलं त्या दिवशी कॅन्टीनमध्ये केक कापला होता.

मग कंपनीने गिऱ्हाइकांची पाहणी केली. फोन घेताना तुम्ही काय बघता, असं हजारोंना विचारलं. कॅमेरा, बॅटरी, किंमत असं करत करत वजन कुठेतरी नवव्या नंबरावर आलं, आणि जाडी त्याच्याही खाली. वर्षभरात तो विभागच बंद पडला. नोकरी गेल्याचं दुःख रायमोने पचवलं, पण तो नववा नंबर काही त्याच्या घशाखाली उतरला नाही.

आता अठ्ठावन्नाव्या वर्षी तो कायानीतल्या एका दुकानात फोन विकत होता. चार वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने त्याला फोनचं वजन विचारलं नव्हतं. लोक सुंदर सडपातळ फोन घेत आणि त्याच पावली त्याला जाडजूड रबरी कव्हर चढवून त्याची वीट करून नेत. आम्ही एकोणीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतलं, असं तो बायकोला सांगायचा. तिने हे इतक्यांदा ऐकलं होतं की ती आता नुसती मान हलवायची.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, बाहेर उणे पंचवीस अंश थंडी असताना, सत्तरीची एक बाई दुकानात आली. टोपी काढली, बुटांवरचा बर्फ झटकला, आणि काउंटरवर एक वही उघडून ठेवली. तिच्यात आधीच लिहून आणलं होतं : ‘मी काइसू हेइकुरा. मला ऐकू येत नाही. तुझ्याकडचा सगळ्यात हलका फोन दाखव.’

रायमोने ते वाक्य दोनदा वाचलं. मग कारण विचारायला त्यानेही पेन उचललं.

काइसूने सविस्तर लिहिलं. तिचा नवरा विल्यो, तोही बहिरा. सुतारकाम करायचा. नोव्हेंबरात खुबा मोडला, वर जखम चिघळली, आणि तेव्हापासून तो ओउलूच्या रुग्णालयात होता. तिथे हातांची भाषा येणारं कोणी नाही. आठवड्यातून दोनदा दुभाषी येतो तेवढंच. बाकीचे दिवस तो माणूस गप्प. बसने जायला तीन तास, यायला तीन, म्हणून तिला रोज जाणं जमत नाही. दुपारी अर्धा तास ती फोनवर दिसते, तेवढंच त्याचं बोलणं.

मुलाने तिला भलामोठा फोन घेऊन दिला होता. पडदा मोठा, चित्र स्वच्छ, सगळं चांगलं. पण डिसेंबरात पायरीवरच्या बर्फावरून घसरून तिचं डावं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी घातली होती. डाव्या हातात फोन धरायचा आणि उजव्याने बोलायचं, तर पाचव्या मिनिटाला मनगट थरथरायला लागायचं.

‘त्याला चित्र हलताना दिसतं,’ तिने लिहिलं, ‘आणि तो म्हणतो, पुरे आज. त्याला अजून बोलायचं असतं. मला कळतं ना.’

फोन टेबलावर उभा करायची घोडी मिळते, रायमोने लिहिलं. तिने त्याच्याकडे जरा दयेनेच पाहिलं. घोडी घरी होतीच. पण विल्योला तिचं तोंड बघायचं नव्हतं, एकोणपन्नास वर्षं तेच बघत आलाय असं तिचं म्हणणं. त्याला बघायची होती शेडमधली अर्धवट राहिलेली नाव, फळ्यांना भेगा पडल्यात का ते, छपरावर बर्फ किती साचलाय ते. हे दाखव, ते दाखव, जवळ ने, मागे घे. त्यासाठी फोन हातातच हवा.

दुकानाची मॅनेजर पिर्को लांबून बघत होती. रायमोने कपाटातून चार फोन काढले, मांडणीतला एक वायरीसकट पुढे ओढला, घड्याळ लावलं आणि काइसूला खूण केली : धरा, आणि बोला.

पहिला त्याने मुद्दाम सगळ्यात पातळ दिला. ती हरखली, कारण तो होताच देखणा. तिने डावा हात लांब केला आणि कोऱ्या पडद्यापुढे उजव्या हाताने बोलायला लागली. रायमो तिच्या मनगटाकडे बघत राहिला. दोन मिनिटांत तिची बोटं पांढरी पडली. पातळ आणि हलकं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला जुन्या दिवसांपासून माहीत होतं. पातळ कडेला बोटांना पकड मिळत नाही, म्हणून हात जास्त आवळतो आणि लवकर दमतो. त्याने तो फोन काढून घेतला. दुसरा आकड्यांत हलका होता, पण त्याच्या कॅमेऱ्याचं ओझं सगळं वरच्या टोकाला. तो मागे कलंडायचा आणि मनगट त्याला सावरत बसायचं. तोही गेला. तिसरा, चौथा तिने स्वतःच खाली ठेवला.

पाचवा होता साधा, प्लास्टिकच्या पाठीचा, दोन वर्षांपूर्वीचा. पाठ किंचित गोलसर. एकशे बेचाळीस ग्रॅम. कोणी ढुंकून बघत नसे त्याच्याकडे. काइसूने तो धरला आणि बोलू लागली. पाच मिनिटं झाली, सात झाली. हात स्थिर होता. नवव्या मिनिटाला ती थांबली तीही दमून नाही, डोळे पुसायला.

‘काय बोलत होतात एवढं?’ रायमोने लिहिलं.

‘विल्योला सांगत होते, इथे एक माणूस माझ्या मनगटाकडे डॉक्टरसारखा बघत उभा आहे.’

अडचण एकच होती. तो शेवटचा नग, मांडणीतला, वायरीने बांधलेला. मांडणीतला माल महिनाअखेरीशिवाय विकायचा नाही, असा दुकानाचा नियम. रायमो पिर्कोकडे गेला.

“पाऊण तास झाला रायमो,” ती म्हणाली. “आणि विकतोयस काय, तर दुकानातला सगळ्यात स्वस्त फोन. याच वेगाने चाललास तर शटर ओढून मासे धरायला जाऊ या दोघं.”

“तो सोडून दे मला, पिर्को. त्या बाईला तोच लागतोय.”

पिर्कोने काइसूकडे पाहिलं. ती अजून फोन धरून उभी होती, द्यायला मन होत नसल्यासारखी. “चार वर्षांत तू माझ्याकडे काही मागितलं नाहीस,” पिर्को म्हणाली. “ने बाबा. वायर काप.”

बॅटरी लहान आहे, दिवसातून दोनदा चार्ज करावा लागेल, असं रायमोने प्रामाणिकपणे लिहून दिलं. काइसूने खांदे उडवले. जाताना तिने सपाट तळवा ओठांजवळ नेला आणि त्याच्याकडे पुढे केला. याचा अर्थ लिहून सांगायची गरज पडली नाही.

एप्रिलच्या शेवटी, तळ्यावरचा बर्फ काळा पडायला लागला तेव्हा, ती परत आली. सोबत चाकांच्या वॉकरच्या आधारावर हळूहळू चालणारा उंच, वाळलेला म्हातारा. विल्यो घरी येऊन आठवडा झाला होता. काइसूने लिहिलं की फेब्रुवारीपासून ते रोज तास तास बोलले. नावेची एकेक फळी त्याने तिच्याकडून उलटीपालटी करून घेतली. रुग्णालयातली एक परिचारिका त्यांना बघत बघत दहाबारा खुणा शिकली, आणि मग विल्योला पाणी हवंय की कूस बदलायचीय हे तिला कळायला लागलं.

विल्योने बायकोच्या हातातून फोन घेतला. तळव्यावर ठेवून वर-खाली केला, सुतार नवा रंधा हाताळून बघतो तसा. मग भराभर काहीतरी बोलला. काइसूने वही पुढे ओढली : ‘विचारतोय, हा हलका करायचं सुचलं कुणाला?’

रायमोने पेन उचललं. तो फोन त्याच्या कंपनीचा नव्हताच. खोटं श्रेय त्याला घ्यायचं नव्हतं, पण गप्पही राहवेना. शेवटी त्याने लिहिलं : ‘पुष्कळ लोकांना. वर्षानुवर्षं बंद खोल्यांत बसून एकेक ग्रॅम काढतात. हा मी केला नाही, पण मी तसल्यांतलाच एक होतो.’

विल्योने वाचलं. आधार सोडून, एका हाताने काउंटर धरून त्याने दुसरा हात पुढे केला आणि रायमोचा हात घट्ट धरला. त्या हाताला घट्टे होते आणि जोर अजून होता. रायमोने आपला दुसरा हात त्यावर ठेवला.

तेव्हापासून रायमो प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी फोन हातात धरायला लावतो आणि विचारतो, दिवसभरात हा कसा धरता, किती वेळ, कशासाठी. बरेच जण हसतात आणि कॅमेऱ्याचंच विचारतात. त्याला त्याचं वाईट वाटत नाही. बायकोला त्याने सांगितलं की नववा तर नववा, त्या नवव्या नंबरावरही माणसं राहतात, आणि ती मला भेटली हे माझं नशीब. या वेळी तिने नुसती मान हलवली नाही. उठून कॉफी ठेवली आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

शरद ऋतूत त्याने संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. मंगळवारी तासभर हातांची भाषा. बोटं ताठर, लक्षात राहत नाही, वर्गात सगळ्यात मागे तोच. ऑक्टोबरात काइसू आणि विल्योने त्याला शेडमधली ती नाव बघायला बोलावलं. रायमोने आठवडाभर घोकलेलं वाक्य मोठ्या धीराने हातांनी म्हणून दाखवलं : नाव फार सुंदर झाली आहे.

विल्यो पोट धरून हसला. काइसूने वही काढली. ‘तू तोंडात लापशी भरून बोलल्यासारखा बोलतोस,’ तिने लिहिलं.

मग वही मिटून खिशात टाकली, दोन्ही हात मोकळे केले, आणि त्याला समजावं म्हणून अगदी सावकाश उत्तर दिलं.