मुठीतून पाहिलेला वाघ

मी बोलतोय ते गोंडपिपरीच्या एका गॅरेजच्या खिडकीतून. मी एक सोलेनॉइड. मूठभर लोखंडी डबी, आत तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि मागेपुढे सरकणारा एक दांडा. चावी फिरली की मी तो दांडा खेचायचो, बॅटरीची वीज स्टार्टरला द्यायचो आणि जुनी अ‍ॅम्बेसेडर जागी व्हायची. काम क्षणभराचं. मग पुन्हा अंधार आणि ऑइलचा वास.

गाडी गुणवंतरावांची. घुग्घुसच्या खाणीत नोकरीला असताना त्यांनी ती घेतली, तेव्हा कोळशाची धूळ मीही पोटभर खाल्ली. पाहुणा आला की ते आधी बोनट उघडून दाखवायचे, चहा नंतर. मी मात्र खाली, सावलीत; माझ्याकडे कधी कोणी बोट दाखवलं नाही. गुणवंतराव गेले आणि गाडी त्यांच्या लेकीकडे, रंजीताकडे आली. हे गॅरेज तिचंच.

गेल्या हिवाळ्यात ती आपल्या आत्याला, मीराबाईंना, चंद्रपूरहून घरी आणत होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्याच सकाळी पट्टी निघाली होती. मीराबाई वाटेतलं पान न् पान पाहत होत्या. जंगलातल्या चढावर गाडी बंद पडली. रंजीतानं चावी फिरवली, पण माझा दांडा गंजानं अडकला होता.

"काऊन वं रंजी, काय झालं?"

"मले काऊन विचारते आत्या, गाडीले विचार!"

ढकलायला कोणी नव्हतं. रंजीतानं आधी बॅटरीची तार सोडवली, मग माझ्या जाड तारेचा नट, मग बोल्ट, आणि मला हलकेच बाहेर ओढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ऊन पडलं. केवढा तो उजेड! पॉलिश पेपरनं ती माझा दांडा घासू लागली.

तेवढ्यात वानरं खेकसली आणि रान एकदम गप्प झालं.

सागांमधून वाघ रस्त्यावर आला.

"रंजी," आतून मीराबाई पुटपुटल्या, "हालू नको, बाई."

रंजीताची मूठ माझ्याभोवती आवळली. विजेचे झटके मी जन्मभर घेतले, पण तिच्या तळहातातली ती धडधड काही वेगळीच होती. वाघानं मान वळवून पाहिलं. नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती. तो चालू लागला, तशी त्याच्या खांद्यावरची कातडी पाण्यासारखी हलली. गाडी मीच हलवतो, असा माझा तोरा होता. या एवढ्या देहाला कोण चालू करत असेल?

तो बांबूत शिरला. मीराबाई रडतही होत्या, हसतही होत्या.

"कसा पिवळा होता वं! आजच डोळा भेटला, अन् आजच..."

रंजीतानं मला जागेवर बसवलं, तारा जोडल्या आणि चावी फिरवली. मी जीव एकवटून दांडा खेचला. गाडी सुरू झाली.

आता माझी गुंडाळी जळाली आहे. गाडीत नवा सोलेनॉइड आहे. कधीतरी भंगारवाला येईल. तेव्हा एवढंच करा, मला पोत्यात घालू नका. वर, उघड्यावर ठेवा. त्याचा टेम्पो त्याच जंगलातून जातो.