सासऱ्यांची साक्ष

व्हिसा कचेरीत काचेमागच्या बाईंनी अर्ज चाळला. "बायको परदेशात नर्स. तुम्ही तिच्यावर अवलंबित. बरोबर?"

"बरोबर," सोफेवाला म्हणाला.

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. आयुष्यभर बायकांची नावं 'अवलंबित'च्या रकान्यात भरली तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही. पुरुषाचं नाव आलं की लगेच दात दिसतात. दिसू देत. त्याला बायकोकडे जायचं होतं, बस्स.

"लग्नाचे फोटो दोनच? आणि मुलीकडचं कुणीच नाही?"

"रागावले होते ते."

"व्हिसासाठी खोटी लग्नं करणारे रोज येतात इथे. उद्या तिच्या वडिलांना आणा. नाहीतर अर्ज पुढे जाणार नाही."

सोफेवाला बाहेर आला. सासरे निवृत्त हेडमास्तर. लेकीने सोफे शिवणाऱ्याशी लग्न केलं, तेव्हापासून त्यांनी जावयाला उंबरठा ओलांडू दिला नव्हता. रस्त्यात दिसला की तोंडाचा पट्टा सुरू. तरी त्याने फोन लावला, एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून एक सणसणीत शिवी आली आणि फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी बघतो तर सासरे कडक इस्त्रीत कचेरीच्या दारात उभे. जावयाकडे ढुंकूनही न बघता थेट काचेपाशी गेले.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आजोबा, खरं सांगा. यांनी तुम्हाला भाड्याने आणलंय ना?"

सासऱ्यांचे कान लाल झाले. "भाड्याने? अहो बाई, हा गाढव माझा जावई आहे! लग्न झाल्यापासून शिव्या घालतोय मी याला. खोट्या जावयासाठी कोण एवढा घसा कोरडा करेल? आमच्या गल्लीत कुणालाही विचारा!"

रांग खो खो हसली. बाईंनाही हसू आवरेना. "हेच लिहून द्या आणि सही करा."

त्यांनी लिहिलं. 'गाढव' तेवढं गाळलं. अर्ज आत गेला.

बाहेर पायऱ्यांवर सोफेवाला म्हणाला, "बाबा, फार उपकार झाले."

"चढून जाऊ नकोस. लेक तिकडे एकटी जेवते, म्हणून आलो." चार पायऱ्या उतरून ते थांबले. "जायच्या आधी घरी ये. सोफ्याची स्प्रिंग वर आलीय, बूड टेकवत नाही."

"आत्ताच येऊ?"

"मग काय, मुहूर्त काढू? चल, गाढवा!"